न समजणाऱ्या माणसाची खुर्ची

सई आणि ईशान,

आज सकाळी फोनवर तुम्ही विचारलंत की विमलआजी कुठल्या कंपनीत विभागप्रमुख होती. मी म्हटलं, कंपनीत नव्हती. मग पगार कोण द्यायचं, असं ईशानने विचारलं. कुणीच नाही, असं मी सांगितलं. त्यावर ईशान, तू नुसतं ‘ओ’ म्हणालास. तो ‘ओ’ मला आवडला नाही. मी रागावले नाही, पण ते काम किरकोळ होतं असं तुला वाटलं हे मला ऐकू आलं, आणि ते किरकोळ नव्हतं. इंटरनेटवर तुम्हाला त्याबद्दल काही सापडलं नाही म्हणता. सापडणारही नाही. ते काम रविवारी, उसन्या खोलीत, चहावर चालायचं.

काल तिचा पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाला. मला दोन शब्द बोलायला सांगितलं, आणि आयुष्यभर वर्गात उभी राहून बोललेली मी खरोखर दोनच शब्द बोलून खाली बसले. म्हणून आज लिहायला घेतलं. उशीर केला तर कालची भाषणं माझ्या आठवणींच्या जागी जाऊन बसतील, आणि मला प्रत्येक वस्तू आपल्या जागी लागते हे तुम्हाला ठाऊकच आहे.

यापुढचं मी तिच्याशी बोलणार आहे. तुम्ही शेजारी बसून ऐका. काही कळलं नाही तर खुशाल विचारा. आमच्याकडे त्याला मान होता.

विमे, काल तिघा वक्त्यांनी तुला अजातशत्रू म्हटलं. मी मान वळवून बघितलं. तू जन्मभर नीट जपलेले तुझे शत्रू पहिल्या रांगेत बसले होते, आणि सर्वांत जास्त डोळे तेच पुसत होते. लातूरचे बिराजदार साहेब पहाटेच्या गाडीने आले होते, गुडघा दुखत असताना. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, तुझ्या भाच्यांनी सगळ्यांना नीट बसवलं, आणि मग एका गृहस्थांनी तुझी पदं वाचून दाखवली. उपअभियंता, कार्यकारी अभियंता, अमक्या समितीची सदस्य, तमक्या समितीची निमंत्रक. ज्या पदाला पगार नव्हता ते तेवढं राहून गेलं. मी उठून सांगायला हवं होतं. पण मला रडू आलं असतं, आणि रडत भाषण करणारी माणसं तुला आवडायची नाहीत.

औरंगाबादच्या वसतिगृहात आपल्या खाटा शेजारी होत्या. तू कंधारहून आलेली, अभियांत्रिकीच्या वर्गात एकटी मुलगी. मी नांदेडची, इंग्रजी घेऊन बी. ए. करणारी. पहिल्याच आठवड्यात तू माझं एक पुस्तक चाळून म्हणालीस, “शाले, तुझ्या पुस्तकातली माणसं लई बोलतात, काम कुणीच करत न्हाई.” मी म्हटलं, “तुझ्या पुस्तकात माणसंच नाहीत.” आपलं भांडण तिथे सुरू झालं आणि परवा-परवापर्यंत चाललं.

बहात्तरचा दुष्काळ आला तेव्हा मी नांदेडला कॉलेजात शिकवायला लागले होते, आणि तुझी पहिली नेमणूकही तिथेच होती. विहिरी आटल्या होत्या. बोअर घेणाऱ्या गाड्या गावोगाव फिरत होत्या, बोअरवर लोखंडी हातपंप बसत होते आणि बघता बघता बंद पडत होते. पंप होता, खाली पाणीही होतं, आणि बायका घागरी घेऊन नुसत्या उभ्या. अभियंत्यांच्या संस्थेचं नांदेडला एक केंद्र होतं. त्यात स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत असे विभाग होते, आणि प्रत्येक विभाग आपापल्या विषयावर व्याख्यान ठेवायचा आणि नंतर बटाटेवडे खायचा. एका सभेत तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, गावाच्या पिण्याच्या पाण्याचा वेगळा विभाग काढा.

पुढचं तू मला त्याच संध्याकाळी नकला करून दाखवलंस. केंद्राचे अध्यक्ष कुलकर्णी साहेब वयाने मोठे, स्वभावाने मऊ, आणि कामाचा विषय निघाला की आणखी मऊ.

“कल्पना उत्तम आहे,” ते म्हणाले. “प्रमुख कोण होणार?”

सगळे आपापल्या वड्याकडे बघायला लागले.

“मानाचं पद आहे,” साहेब म्हणाले.

“म्हंजे पगार न्हाई, जीप न्हाई आणि रविवारबी न्हाई,” तू म्हणालीस. “द्या मला.”

अशा विभागाला अधिकार काहीच नसतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तो कुणाला हुकूम देऊ शकत नाही, कुणाचं बिल अडवू शकत नाही. त्याला फक्त जमता येतं, विचार करता येतो, आणि विचार करून एखादं बरं टिपण लिहून ज्याला लागेल त्याच्या हातात देता येतं. नोकरीत तुझा शब्द चालायचा. रविवारी मात्र माणसांना गोड बोलून कामाला लावायचं होतं, आणि गोड बोलणं तुला कधी जमलं नाही. तू रागवायचीस. उशिरा येणाऱ्याला सगळ्यांसमोर विचारायचीस, “काय, पाव्हणे, जेवूनच आलात का?” तरी ते पुढच्या रविवारी यायचे. का यायचे, ते मी पुष्कळ वर्षं बघत होते. मला वाटतं, त्यांच्यातल्या प्रत्येकाला आठवडाभर फायली पुढे सरकवल्यावर एक दिवस अभियंता व्हायचं असायचं.

पहिलं टिपण हातपंपाचं होतं. बैठक तंत्रनिकेतनाच्या एका खोलीत होती आणि तू मला हाताला धरून तिथे नेलंस.

“या कोण?” कुलकर्णी साहेबांनी विचारलं.

“इंग्रजीच्या प्राध्यापक हायेत.”

“पण त्या अभियंता नाहीत.”

“म्हणून तर आणलंय. शाले, त्या खुर्चीवर बस. जिथं कळणार न्हाई तिथं हात वर कर.”

“आणि मग?” मी विचारलं.

“मग ते वाक्य ह्यांनी परत लिहायचं. तुझा हात खाली येईस्तोवर.”

कुलकर्णी साहेबांनी स्वतः मसुदा लिहिला होता आणि तेच वाचत होते. ‘दांड्याचा प्रतिरोध घटल्यास वॉशरची झीज गृहीत धरावी.’ मी हात वर केला. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि पुन्हा तेच वाक्य वाचलं, या वेळी मोठ्याने. माझा हात वरच. “अहो, सोपं आहे,” ते म्हणाले. “सोपं असेल तर सोपं लिहा,” तू म्हणालीस. खोलीत कुणीतरी खोकलं. पुष्कळ खाडाखोड झाल्यावर वाक्य असं झालं: ‘दांडा हलका लागायला लागला की समजा, आतलं चामड्याचं वॉशर झिजलं. मिस्त्रीला बोलवा.’ माझा हात खाली आला. तो दुखायला लागला होता.

त्या दिवसापासून ती माझी खुर्ची झाली. जगात बहुतेक ठिकाणी माणूस हुशार दिसावा म्हणून गप्प बसतो. त्या खोलीत मला न समजल्याबद्दल चहा मिळायचा.

ते टिपण गावोगाव गेलं. एका रविवारी आपण दोघी एस.टी.ने इस्लापूरला गेलो होतो, पंप कसे चाललेत बघायला. पंपावरची बाई आपल्याला बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“तुमी कशाला आल्या?”

“पंप बघायला,” तू म्हणालीस.

“त्यात काय बघाचं? दांडा हलका लागून राहिला होता. कागदात लिवलंय तसंच. मंग मिस्तरी बलावला. त्यानं केलं. आता चालून राहिलाय. पाणी पिता का?”

आपण पाणी प्यालो. परतीच्या गाडीत तू इतकी खूश होतीस की शेजारच्या प्रवाशाला तुला लॉटरी लागली आहे की काय असं वाटलं. “शाले,” तू पुन्हा पुन्हा म्हणत होतीस, “आपली गरजच राह्यली न्हाई की!” विभागप्रमुखाने इतक्या आनंदाने हे वाक्य म्हटलेलं मी पुढे कधी ऐकलं नाही.

नंतरची वर्षं भरभर गेली. लातूर, उदगीर, अहमदपूरकडचे अभियंतेही आपल्या विभागात आले. जवळ दुसरं केंद्र नव्हतं, म्हणून ते गाड्या बदलत नांदेडला यायचे. विहीर साफ कशी करावी, पाण्यात औषध किती टाकावं, पाइपाची गळती कशी ओळखावी, अशी टिपणं होत गेली. मी खुर्चीवर बसून हात वर करत गेले. आणि शिकत गेले, त्याला माझा इलाज नव्हता. सई-ईशानचे आजोबा म्हणायचे, “घरातला नळ टपकायला लागला तर प्लंबर बोलवायची सोय राहिली नाही. ही त्याची तोंडी परीक्षा घेते.”

मग ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. नवी कार्यालयं, नवे हुद्दे, बदलून आलेले अभियंते. बिराजदार साहेब तेव्हा तरुण होते, निलंग्याकडचे, आवाज असा की फोनची गरज नाही. त्यांनी लातूरला वेगळं केंद्र आणि त्यात वेगळा पाणीपुरवठा विभाग मागितला. संस्थेच्या नियमाने तू हरकत घेतली असतीस तर मुख्य कार्यालयाने ते थांबवलं असतं. आणि हरकत घेतली नाहीस तर तिकडचे सभासद जाणार, आपल्याकडे विभागापुरतीही माणसं उरणार नाहीत, आणि दुष्काळात तू उभा केलेला विभाग बंद होणार. दोन्ही गोष्टी स्पष्ट होत्या. हरकतीचं पत्र मीच टंकलिखित केलं, सुवाच्य, परिच्छेद पाडून. तू ते पर्समध्ये ठेवलंस आणि आपण लातूरला बैठकीला निघालो. गाडीत तू मला तुझं भाषण तीनदा म्हणून दाखवलंस. तिन्ही वेळा ते वेगळं होतं आणि तिन्ही वेळा त्यात बिराजदार पडत होते.

लातूरला त्या दिवसांत ज्या त्या कार्यालयाच्या पाटीवर ‘जिल्हा’ हा शब्द नव्याने रंगवलेला दिसायचा. सभागृहाच्या दारातच बिराजदार साहेब उभे होते.

“मॅडम, आधी जेवण का आधी भांडण?”

“आधी भांडण. जेवल्यावर मला दया येते.”

“मग बसा. आमची तक्रार टिपणाची हाय.”

तक्रार आपल्या शेवटच्या टिपणाची होती, टाकी आणि नळाच्या योजनेवरच्या. रेणापूरकडच्या एका गावात ते लावलं होतं. त्यात एक वाक्य होतं: ‘टाकीत पुरेसं हेड तयार झाल्याशिवाय वितरण सुरू करू नये.’ म्हणजे टाकीत पाण्याची उंची पुरेशी झाली की मगच गावाचा व्हॉल्व्ह उघडायचा, नाहीतर शेवटपर्यंत पाणी पोचत नाही. गावात ते कुणाला कळलं नाही. मोटार सुरू झाली की लगेच व्हॉल्व्ह उघडला जायचा. जवळच्या आळीतले लोक आंघोळी करायचे आणि शेवटच्या आळीला, वस्तीकडे, सगळा उन्हाळा नळाला नुसती हवा आली.

“वस्तीत कुणी विचारलं न्हाई?” तू म्हणालीस. तुझा आवाज बदलला होता.

“विचारलं की. सांगितलं, योजनाच तशी हाय.”

तू हळूच वळून माझ्याकडे बघितलंस. ते टिपण झालं त्या बैठकीत मी खुर्चीवर होते. ते वाक्य माझ्यासमोर वाचलं गेलं होतं.

“म्हणून आमी आमची येवस्था केलीय,” बिराजदार म्हणाले आणि दाराकडे बघून हाक मारली, “अत्ते, या!”

इरकल लुगडं नेसलेल्या त्यांच्या सासूबाई आत आल्या. जावयाकडे न बघता पहिल्या खुर्चीवर बसल्या आणि वाचणाऱ्या तरुण अभियंत्याला म्हणाल्या, “हं, वाच.”

“टाकी भरल्याची खात्री करून—”

त्यांचा हात वर.

“कुणी करायची खात्री?”

“ज्याच्याकडे चावी आहे त्याने, आजी.”

“मग तसं लिव. ‘खात्री करून’ म्हटलं की सगळे दुसऱ्याकडं बघतात.”

त्यांनी पुढचं एकही वाक्य तसंच जाऊ दिलं नाही. अर्धा कागद होईपर्यंत वाचणारा घामाघूम झाला. मग त्यांचा हात पुन्हा वर गेला, तेव्हा तो काही वाचतच नव्हता.

“अत्ते, आता काय?” जावई म्हणाले.

“चहा अजून का आला न्हाई ते कळलं न्हाई.”

तू हसलीस. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. सभागृह हसलं, सासूबाई सोडून. मग तू उभी राहिलीस. मी पर्सकडे बोट दाखवलं.

“राहू दे तिथंच,” तू मला म्हणालीस आणि मोठ्याने म्हणालीस, “तुमचं केंद्र होऊ द्या. विभागबी होऊ द्या. माझी हरकत न्हाई.”

बिराजदार साहेबांचा चेहरा पडला. “मॅडम, आमी भांडायची लई तयारी केली होती.”

“मग जेवताना भांडू.”

आणि भांडलात. व्हॉल्व्हच्या चावीवरून, शेंगदाण्याच्या चटणीवरून, कशाहीवरून.

परत येताना गाडी अहमदपूरला थांबली तेव्हा तू खिडकीतून दोन चहा घेतलेस. मग म्हणालीस, “विभाग वाचवायला गेले होते. तो तिथं बसलेला दिसला.”

“आणि नांदेडचा?”

“तो संपला.” मग माझ्याकडे वळून, “शाले, त्या वाक्याला तू हात का वर केला न्हाईस?”

“मला कळलं होतं.”

“तेच झालं. तू आमच्यातली झालीस. चूक माझी. मी माणूस बदलायला पाहिजे होता.” आणि खिडकीबाहेर बघत, “तुझी खुर्ची संपली, बाई.”

मी नांदेड येईपर्यंत तुझ्याशी बोलले नाही. लोह्याच्या पुढे तू मला संत्रं सोलून दिलंस. मी ते घेतलं, पण बोलले नाही.

हे आपलं न मिटलेलं भांडण. माझं म्हणणं आजही तेच आहे. माणूस शिकला म्हणून त्याला काढू नये. खुर्चीवर नवा माणूस बसवायचा आणि मला पलीकडे, तुमच्या बाजूला, एक स्टूल द्यायचं होतं. नांदेडलाही उरलेल्या चार माणसांत काहीतरी चालवता आलं असतं. तुझं म्हणणं होतं, नाव टिकवण्यासाठी जमणारी माणसं तू पुष्कळ पाहिलीस, तुला त्यांच्यात बसायचं नव्हतं. “काम गेलं तिकडं विभाग गेला,” तू म्हणायचीस. मी म्हणायचे, “आणि मैत्रीण?” तू म्हणायचीस, “ती कुठं जातीय, रोज भांडायला येती की.”

तुझं बरोबर होतं का? लातूरपुरतं होतं. माझ्यापुरतं नव्हतं. त्यानंतरचे कितीतरी रविवार मला घरात काय करावं कळायचं नाही. मी कपाटं आवरली. कपाटं संपली. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू मला कपाटांची संख्या विचारली असतीस.

गेल्या महिन्यात दवाखान्यात तरुण डॉक्टर तुझ्या खाटेशी उभे राहून बोलत होते. चांगले गृहस्थ, पण सगळे शब्द रिपोर्टातले. मी मान डोलावत होते, प्राध्यापकासारखी. तू सलाईन नसलेला हात वर केलास. डॉक्टर थांबले. “काय, आजी, काही दुखतंय का?” “न्हाई,” तू म्हणालीस, “कळलं न्हाई. परत सांगा.” त्यांनी परत सांगितलं. तुझा हात वरच. मग ते खुर्ची ओढून बसले आणि साध्या मराठीत सांगितलं की आता फारसं काही करता येणार नाही, दुखू मात्र देणार नाही. तू हात खाली ठेवलास आणि म्हणालीस, “आता कळलं. छान सांगितलंत.” ते तरुण डॉक्टर बाहेर जाऊन थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून उभे होते. आणि तू माझ्याकडे वळून, “तुला पहिल्याच खेपेला कळलं होतं ना? म्हणून तर काढलं तुला.” विमे, मरणाच्या दारात भांडण जिंकायची ही रीत बरी नव्हे.

एक गोष्ट मात्र बोलायची राहिली. मला आयुष्यात मंचावर बसवलं, हार घातले, परीक्षक केलं. पण ज्या खुर्चीवर बसून मी ‘मला समजलं नाही’ म्हणू शकत होते, आणि माझ्यामुळे खोलीभर माणसं पुन्हा पेन्सिली हातात घ्यायची, तशी जागा मला दुसरी मिळाली नाही. ती तू दिलीस. काढून घेतलीस तेव्हा भांडले, दिलीस तेव्हा आभार मानले नाहीत. आता मानते. तू ‘काय नाटकं करून राहिलीस’ म्हणणार, ते ऐकू येतंय.

काल कार्यक्रम संपल्यावर बिराजदार साहेबांना मी गाडीपर्यंत सोडायला गेले. त्यांना लातूरचं विचारलं आणि त्यांनी सांगितलं ते मुलांनो, तुमच्यासाठी लिहून ठेवते.

नांदेडचा विभाग नाही. लातूरचा आहे. तो अजून रविवारी भरतो आणि त्याच्या प्रमुखाला अजून पगार नाही. कुठलंही टिपण अभियंता नसलेल्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय बाहेर जात नाही, आणि तो माणूस दर दोन वर्षांनी बदलतात. सध्या तिथे एक निवृत्त एस.टी. कंडक्टर बसतात. ते पुष्कळदा हात वर करतात.